आत्याची झोप

आमच्या आत्याला रात्री झोप लागत नाही, ही बातमी आमच्या घराण्यात जुनी आहे. नवं एवढंच, की यंदा त्या बातमीला एक आकडा मिळाला. ३.८.

झालं असं. आत्या ७८ वर्षांची. राहते जयगडला, एकटी. साखर नाही, रक्तदाब गोळीशिवाय जागेवर, आपली भाकरी आपण थापते. दिवाळीनंतर दादाने (म्हणजे तिच्या मुलाने, तो ठाण्याला असतो) तिला रत्नागिरीला नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं उत्तम निघालं. फक्त 'एचएस-सीआरपी' नावाच्या चाचणीपुढे ३.८ आणि त्याच्यापुढे एक छोटीशी चांदणी. त्या चांदणीने मुंबई-ठाण्यातल्या सगळ्यांची झोप उडवली! डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी ताप, खोकला, दात, लघवीची जळजळ, गुडघे, सगळं विचारून घेतलं. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. ३.६. मग त्यांनी विचारलं, "आजी, झोप कशी काय?"

आत्या म्हणाली, "झोप? ती आता आमच्याकडं राहायला नाय. मधनंमधनं येऊन जाते."

त्या दिवसापासून घरात दोन ठराव फिरतायत. पहिला, आत्याला झोपेची गोळी सुरू करावी. दुसरा, जयगडचं घर बंद करून तिला कायमची ठाण्याला आणावी. एसी आहे, लिफ्ट आहे, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. दोन्ही ठराव प्रेमापोटीच आलेत, त्याबद्दल शंका नाही. पण फोनवर आपण सगळे एकदम बोलतो आणि कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. म्हणून मला जे वाटतं ते इथे सविस्तर लिहिते आहे. घरातले निम्मे लोक हे पान वाचतातच. आणि ज्यांचं आमच्या आत्याशी काही नातं नाही, त्यांच्याही घरी अशी एखादी आत्या असणारच.

मी डॉक्टर नाही. बँकेत तीस वर्षं काढली, त्यामुळे आकडा दिसला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही, इतकंच.

आधी ते सीआरपी. पूर्ण नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. शरीरात कुठे लढाई जुंपली की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. मोठा जंतुसंसर्ग झाला की आकडा शंभराच्या वरही जातो. पण पुढे अशा चाचण्या निघाल्या की अगदी बारीक वाढही मोजता यायला लागली. २००३ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने मिळून एक ढोबळ पट्टी ठरवली. एक लिटर रक्तात १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी कुठे संसर्ग आहे का ते शोधायचं आणि नंतर पुन्हा मोजायचं. म्हणजे आत्याचा ३.६ हा काही भडका नव्हे. पण अगदी दुर्लक्ष करण्यासारखाही नव्हे.

हा आकडा मोजतो तो दाह. आपल्याकडे मासे साफ करताना बोटात काटा गेला की दुसऱ्या दिवशी बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं, ठणकतं. तो दाह चांगला. पांढऱ्या पेशी कामाला लागल्याची ती खूण. काटा निघाला, जखम भरली की तो विझतो. वय वाढतं तसा दुसराच एक दाह सुरू होतो. त्याला ठणका नाही, ताप नाही. चुलीत राखेखाली निखारा राहावा तसा तो सगळीकडे मंद धुमसत असतो. इटलीतल्या बोलोन्याचे क्लाउदियो फ्रान्चेस्की यांनी २००० साली याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. दाह आणि वार्धक्य, दोन्ही एकाच शब्दात. हृदयविकार, मधुमेह, स्मृतिभ्रंश अशा म्हातारपणाच्या बऱ्याच दुखण्यांशी या निखाऱ्याचा संबंध जोडला गेला आहे. धडधाकट माणसातही तो असू शकतो. आत्यासारख्या.

आता यात झोप कुठून आली?

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल अर्विन नावाचे डॉक्टर आहेत. त्यांनी बरीच वर्षं हाच विषय धरून ठेवला आहे. २००६ साली त्यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३० निरोगी माणसांना एका रात्री ११ ते ३ जागं ठेवलं. नंतर झोपू दिलं. सकाळी रक्त काढून पाहिलं, तर पांढऱ्या पेशींमध्ये दाह पेटवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या रसायनाचा 'हुकूमनामा' तिपटीहून अधिक वाढलेला! एका रात्रीची, तीही अर्धीच झोप गेली होती. ही माणसं म्हातारी नव्हती, आणि एक रात्र म्हणजे काही वर्षं नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. पण दिशा कळते.

कारण असं सांगतात. आपण गाढ झोपतो तेव्हा शरीराची 'सावधान' म्हणणारी मज्जासंस्था जरा सैल पडते. झोप तुटत राहिली की ती रात्रभर 'विश्राम' म्हणतच नाही. तिची रसायनं रक्तात फिरत राहतात, आणि पांढऱ्या पेशींना वाटतं, कुठेतरी चोर शिरला आहे. चोर नसतोच. पण राखणदार काठ्या आपटत फिरतो, आणि लागतं ते घरच्याच माणसांना.

मग आत्याला जास्त झोपवलं की झालं, असं कोणालाही वाटेल. मलाही ते तपासून बघायचं होतं. म्हणून जानेवारीत मी आठ दिवस जयगडला जाऊन राहिले. एक वही केली आणि रोज सकाळी आत्याला विचारून आदल्या रात्रीचा हिशेब लिहायला लागले. ("बाय गो, बँक सोडलीस तरी खातावही काय सुटली नाय तुझी.")

ज्यांनी जयगड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गणपतीपुळ्याहून मालगुंडमार्गे उत्तरेला जात राहायचं, ते शास्त्री नदीच्या मुखापर्यंत. तिथे खाडीवर किल्ला, पलीकडे तवसाळ, मध्ये फेरीबोट. समुद्राच्या अंगाला दीपगृह. २००९ पासून इथे मोठं बंदर सुरू झालं आणि नंतर औष्णिक वीजही तयार व्हायला लागली, त्यामुळे लहानपणी आम्ही पाहिलेला मिट्ट काळोख आता नाही. मला वाटलं, या उजेडाचाच आत्याला त्रास होत असेल. विचारलं तर म्हणाली, "छे! जाग आली की खिडकीतनं बत्त्या दिसतात. कोणतरी कामावर हाय असं वाटतं. तेवढीच सोबत."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. हिशेबात कुठे बसेल ते तेव्हा कळलं नव्हतं.

आता हिशेब. आत्या रात्री साडेआठला आडवी होते आणि पहाटे साडेपाचला उठते. म्हणजे अंथरुणात नऊ तास. त्यात झोप किती? नऊच्या सुमारास डोळा लागतो. साडेबाराला जाग, मग तासभर उघडे डोळे. पुन्हा अडीच-तीनला मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं सुरू होतात तेव्हा जी जाग येते, तिच्यानंतर थोड्या डुलक्या. आठ दिवसांची सरासरी निघाली साडेपाच तास. झोपेचे तज्ज्ञ याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. अंथरुणातल्या वेळेपैकी किती टक्के वेळ खरोखर झोपेत गेला, ती. साधारण ८५ टक्के म्हणजे चांगली. आत्याची भरली ६१ टक्के. शिवाय दुपारी जेवून दोन तास वामकुक्षी, आणि पाच वाजता कडक चहा.

म्हणजे अडचण झोप कमी असण्याइतकीच ती विरलेली असण्याची आहे. दोन माणसांच्या पिठल्यात पाणी घालून ते नऊ माणसांना वाढावं तसं काहीसं. अर्विन यांच्याच गटाने २०१६ साली ७२ अभ्यास एकत्र करून पाहिले, ५० हजारांहून अधिक माणसांचे. झोपेच्या तक्रारी असलेल्यांमध्ये सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ दोन्ही जास्त दिसले. पण गंमत अशी, की ८ तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांमध्येही ते जास्तच दिसले! तेव्हा नुसते तास वाढवून काही साधेल असं नाही.

वयाप्रमाणे झोप बदलतेच, हेही खरं. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणून म्हातारी माणसं लवकर पेंगतात आणि लवकर उठतात. चरकसंहितेत आहार आणि निद्रा हे शरीराचे आधारखांब सांगितलेत, आणि दिवसा झोपू नये म्हणतानाही म्हाताऱ्यांना आणि उन्हाळ्यात सगळ्यांनाच सूट दिली आहे. तेव्हा आत्याची वामकुक्षी कोणी काढून घेत नाही. फक्त दोन तासांची अर्ध्या तासावर आणायची.

गोळीबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या वृद्धचिकित्सकांच्या संघटनेची 'बिअर्स' नावाची एक यादी आहे, पासष्टीपुढच्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची. झोपेच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या तिच्यात आहेत. कारण तोल जातो, पडायला होतं, खुब्याचं हाड मोडतं, बुद्धीवर झापड येते. दादाची सगळ्यात मोठी भीती ही, की आई रात्री एकटी असताना पडली तर? दादा, ती भीती मला पूर्ण पटते. पण मग गोळी हा त्यावरचा उपाय कसा? (ज्यांच्याकडे अशी गोळी आधीच चालू आहे त्यांनी मात्र हे वाचून ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू.) रत्नागिरीच्या डॉक्टरांनीही गोळी दिली नाही. घोरणं, रात्री पाय दुखणं, लघवीला वारंवार उठणं, मन उदास असणं, एवढं सगळं नीट विचारून घेतलं आणि सवयी बदलून बघा म्हणाले.

सवयी बदलायच्या म्हणजे नुसतं गरम दूध पिऊन झोपणं नव्हे. त्याचं पद्धतशीर शास्त्र आहे. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. झोप लागत नसेल तर पडून न राहता उठून बसायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. अंथरुणातला वेळ कमी करून झोप घट्ट करायची. जोडीला मनातल्या 'आज झोप नाही लागली तर' या धास्तीवर काम करायचं. २०१४ साली याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने निद्रानाश असलेल्या १२३ वयस्कर माणसांवर ही पद्धत, ताई-ची नावाचा चिनी व्यायाम आणि झोपेवरची व्याख्यानं, अशी तुलना केली. ही पद्धत सरस ठरली. आणि या गटात सीआरपी ३ च्या वर असण्याचं प्रमाणही घटलं, ते सोळाव्या महिन्यातही तसंच होतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण आत्याला हे सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, आणि मी गप्प झाले.

"दहापर्यंत जागी राहते गो. पण साडेआठ ते दहा करू काय?"

भाकरी झालेली असते. भांडी झालेली असतात. सांजवात झालेली असते. मालिका तिला आवडत नाहीत. शेजारच्या घरात पोरांचा अभ्यास. आमच्यापैकी कोणी त्या वेळी फोन करत नाही, कारण 'आत्या झोपली असेल'. आणि आत्या आडवी होते, कारण कोणाचा फोन येत नाही. म्हणजे ती झोपेसाठी अंथरुणावर जातच नव्हती. ती दिवस संपवायला जात होती.

आता ठाण्याचा ठराव. हा वाचताना मला २००५ सालचा एक अभ्यास फार महत्त्वाचा वाटला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी ६१ ते ९० वर्षांच्या ७४ बायका घेतल्या. त्यांची झोप त्यांच्या घरीच यंत्राने मोजली, माणसांशी त्यांचं नातं कसं आहे ते विचारलं, आणि रक्तातलं इंटरल्यूकिन-६ तपासलं. ते सर्वात जास्त कोणात निघालं? जिची झोप वाईट आणि नातीही तुटक, तिच्यात. पण जिची झोप वाईट होती आणि माणसांशी नातं घट्ट होतं, तिचं रक्त जवळजवळ दोन्ही चांगलं असणाऱ्या बायकांसारखंच होतं. उलटही तसंच. नाती कमी पण झोप उत्तम, तिलाही ती झोप तारून नेत होती.

एकानं दुसऱ्याची तूट भरून काढायची. बँकेच्या भाषेत सांगायचं तर दोन खाती, एकात खडखडाट झाला तर दुसरं सांभाळून घेतं. दोन्ही रिकामी झाली की मग खरी पंचाईत.

७४ बायका म्हणजे थोड्याच. एकाच वेळी मोजलेलं आहे, त्यामुळे नात्यांमुळे दाह कमी झाला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्या बायका विस्कॉन्सिनच्या, जयगडच्या नव्हेत. हे सगळं मान्य. तरी मी आत्याच्या दुसऱ्या खात्याचाही हिशेब मांडला.

सकाळी आठला मासेवाली येते. बांगडे घ्या न घ्या, पाटी उतरवून पडवीत दहा मिनिटं बसणारच. मग वाडीतल्या कोणाचा तरी फॉर्म भरून द्यायचा असतो, कारण आत्याचं अक्षर चांगलं आणि तिला तलाठ्याचं कळतं. दुपारी शेजारची सून आमसुलं वाळत घालायला मदतीला. संध्याकाळी शाळेतून सुटलेली दोन पोरं पाढे म्हणायला. शुक्रवारी भजन. शिमग्यात पालखी दारात. आठ दिवसांत मी तिच्या पडवीत चढलेली ४१ वेगवेगळी माणसं मोजली. माझ्या सोसायटीत मी २२ वर्षं राहते आहे, पण माझ्या दाराची बेल वाजवणारी ४१ माणसं मला वर्षातही सापडायची नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आत्या तीन आठवडे ठाण्याला होती, ते आठवून बघा. कोणी काही कमी केलं नाही. पण सकाळी नऊला घर रिकामं व्हायचं आणि संध्याकाळी सातला भरायचं. मधल्या वेळात ती झोपायची, कारण दुसरं काय करणार? आणि रात्री जागी. जयगडला रात्री जाग आली तर होड्या ऐकू येतात, बत्त्या दिसतात. ठाण्याला ती म्हणायची, "बंद खिडकीत काय ऐकू?"

म्हणजे ठाण्याला आणून आपण तिची पहिली तूट भरू असं नाहीच, वर दुसरं खातंही बंद करू. माझं म्हणणं एवढंच आहे. उद्या तिला खरोखर एकटीला जमेनासं झालं, तर हा विचार पुन्हा करायचा, आणि तोही तिला विचारून. पण ३.६ या आकड्यापायी नाही.

दादाच्या भीतीचं आम्ही जमेल तेवढं केलं. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारे दोन बारीक दिवे लावले. जांभ्याच्या पायरीला कठडा केला. शेजारच्या सुनेकडे एक किल्ली दिली. आत्या सकाळी सहाला खिडकी उघडते, सव्वासहापर्यंत उघडली नाही तर ती बघून जाते.

आणि झोप? पहिले दहा दिवस आत्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या. दिवसा पेंग, रात्री राग. मग हळूहळू जमायला लागलं. रात्री दहाला अंथरूण, जाग आली तर ओटीवर येऊन वाती वळत बसायचं, साडेपाचला उठायचंच, उजाडलं की जेटीपर्यंत चालून यायचं, चहा चारच्या आत. दोन महिन्यांनी तिने स्वतःच वहीत लिहून कळवलं, अंथरुणात साडेसात तास, झोप सहा. ८० टक्के! पाऊण तासाची लांबलचक जाग आता आठवड्यातून दोन-तीनदाच. सीआरपी अजून पुन्हा केलेलं नाही, डॉक्टर म्हणाले इतकी घाई नको. ते उतरेल न उतरेल. एका माणसाचा एक आकडा अनेक कारणांनी हलतो. पण आत्या म्हणाली, "दिवसा डोकं हलकं वाटतं," हे कुठल्या चाचणीत येत नाही आणि मला तेवढं पुरतं.

राहिले ते साडेआठ ते दहा. ते डॉक्टरांच्या हातात नाहीत, आत्याच्याही नाहीत. ते आपल्या हातात आहेत.

तर मंडळी, रात्री नऊचा फोन. अर्धा तास. पहिला प्रश्न "झोप लागते का?" हा विचारायचा नाही, त्याने धास्ती वाढते. काय शिजवलंस, कोण आलं होतं, कोणाच्या म्हशीने कोणाचं कुंपण मोडलं, ते विचारायचं. सोमवार माझा. मंगळवार दादाचा. बुधवार आणि शुक्रवार बारामतीच्या ताईने घेतलेत. शनिवारी नात व्हिडिओवर येते आणि तिला आत्या पाढे विचारते.

गुरुवार आणि रविवार अजून रिकामे आहेत. कोण घेतंय ते कळवा.